मीटर कुणाच्या नावावर

आमच्याकडे वीज ही निवडायची गोष्ट कधीच नव्हती. साडी निवडावी, जावई निवडावा, फार तर बाजारात बांगडा निवडावा. वीज मात्र एकाच खात्याकडून येते. वाऱ्यानं माडाचं चुडत तारेवर पडलं की ती जाते, आणि लाईनमन येऊन ते चुडत काढून गेला की परत येते. आपल्याकडे कामं दोनच, बिल भरणं आणि कुरकुर करणं. माझी आई दोन्ही कामं वेळच्या वेळी करायची आणि दुसरं जरा जास्त मन लावून करायची.

त्यामुळे माझ्या धाकट्या भावानं जेव्हा जाहीर केलं की आता आपली वीज आपल्याच घराच्या स्लॅबवर तयार होणार आणि ती कोणत्या कंपनीकडून बसवून घ्यायची हे आपणच ठरवायचं, तेव्हा आई त्याच्याकडे संशयानं बघायला लागली. भाऊ मुरगाव बंदरात नोकरीला आहे, राहतो वास्कोला. मी लग्न होऊन डिचोलीला. आई एकटी पेडण्यात, केरीच्या वाटेवरच्या आमच्या घरात. म्हणजे सल्ले दोन दिशांनी येणार आणि स्लॅब तिची जाणार, असं तिचं म्हणणं होतं. ते अगदीच चूक नव्हतं.

भावानं फोनवर कंपन्यांची माहिती काढली. सोलार बसवणाऱ्या इतक्या कंपन्या गोव्यात असतील असं मला वाटलं नव्हतं. त्यातल्या दोन त्यानं पसंत केल्या आणि एका रविवारी दोन्हींच्या माणसांना घरी बोलावलं, अर्ध्या तासाच्या अंतरानं. आईनं पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, जास्तीचे उंडे घेऊन ठेवले, भाजी केली, माझ्याकडून पुढच्या खोलीतली कदेलं पुसून घेतली. मुलगी बघायला माणसं येणार असावीत, अशी एकंदर तयारी होती.

पहिला आला तो म्हापशाच्या कंपनीचा मुलगा. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, तोंडात युनिट आणि किलोवॅट. त्यानं कदेलावर बसायच्या आत बोलायला सुरुवात केली. आईनं त्याला थांबवलं.

"खंयचो रे तू?"

"म्हापशाचो, मावशी."

"म्हापशाचो म्हंजे मूळचो खंयचो? कुळदैवत खंयचा?"

मुलानं टॅब खाली ठेवला. कुळदैवत सांगितलं, आजोळ सांगितलं, आजोळच्या घरामागची विहीरसुद्धा सांगितली. आईची त्या गावात एक मावससासू निघाली. भाऊ मला कोपरानं ढोसत होता. त्याला वॉरंटी किती वर्षांची ते विचारायचं होतं, पण मावससासू संपेपर्यंत त्याचा नंबर लागणार नव्हता.

मग सगळे स्लॅबवर गेलो. मुलगा हात पसरून सूर्य कुठून कुठे जातो ते समजावत होता, तेवढ्यात मोपाहून उडालेलं विमान डोक्यावर आलं आणि त्याचं अर्धं भाषण त्यात गेलं. विमान गेल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला.

"लाईट गेली काय ह्या चलतला?"

मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "नाय मावशी. लाईट गेली की ह्या पण बंद होता. बॅटरी वेगळी घेतली तर चलतला."

"मगे कित्याक?" आई म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

दुसरा माणूस डिचोलीचा, म्हणजे माझ्या सासरच्या गावचा. मूळचा सिंधुदुर्गातला. आधी खाणीवर त्याचे ट्रक होते, खाणी बंद पडल्यावर त्यानं सोलारचा धंदा धरला. हा चांगला बोलका होता. त्यानं आईला बोलायची संधी न देता तिचंच कुळदैवत विचारलं, त्यामुळे आई जरा नाराज झाली. पण त्यानं उंड्याबरोबर भाजी दोनदा मागून घेतली आणि गेलेलं सगळं परत मिळवलं. बॅटरीसकट देतो म्हणाला.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग भावानं दोघांना दाखवायला म्हणून काढून ठेवलेलं विजेचं बिल पुढे केलं, आणि ट्रकवाल्यानं आईसमोरच ते सांगितलं जे आधी त्या मुलानं जाता जाता फक्त भावाला सांगितलं होतं. मीटर बाबांच्या नावावर आहे. बाबांना जाऊन काही वर्षं झाली आहेत. अर्ज हयात माणसाच्या नावानं लागतो, तेव्हा आधी मीटर आईच्या नावावर करून घ्या.

"फॉर्म्यालिटी आसा, दुसरा काय नाय," भाऊ म्हणाला.

आई उठली आणि खळ्यात वाळत घातलेल्या मिरच्या बघायला गेली. सकाळपासून तिनं त्या मिरच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

इथे मला आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आईनं बाबांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्याकडे तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे काही नवल नाही. पण आईनं हे व्रत फार कडक पाळलं. बाबा तिच्यासाठी नेहमी 'हे'. लांब असले तर 'ऐकलांत काय'. शेजारी बाबांच्याच नावाचा एक माणूस होता, तो बिचारा आयुष्यभर 'पलीकडचो' राहिला. आई म्हणे लग्नात कुणीतरी फार आग्रह केला म्हणून उखाण्यात एकदा बोलली होती, पण इतकं पुटपुटत की वरमाईनं तक्रार केली. बँकेत, रेशनवर, दवाखान्यात कुणी "नवऱ्याचं नाव?" विचारलं की ती आमच्याकडे बघायची, आणि आम्ही दोघं शाळेतल्यासारखे एका सुरात ते सांगायचो. बाबा असतानाही आणि बाबा गेल्यावरही.

पण विजेच्या बिलावर ते नाव छापून यायचं. बिल आलं की आई चष्मा लावून उजेडाला जनेलाजवळ उभी राहायची. आकडा बघायच्या आधी ती वरची ओळ बघते, हे मला खूप उशिरा लक्षात आलं. बाबांचं बाकी सगळं हळूहळू मिटत गेलं होतं. बँकेचं खातं बंद झालं, स्कूटर विकली, मतदार यादीतून नाव गेलं. एकट्या वीज खात्याला बाबा गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं, आणि आईला ते कळवायचं नव्हतं. मला ते समजत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण मी भावाच्या बाजूनं बोलत होते, कारण बिल वाढेल म्हणून आईनं उकाड्यात पंखा बंद करून बसावं हे मला पटत नव्हतं.

त्यानंतर आईनं दोन्ही कंपन्यांत खोड्या काढायला सुरुवात केली. म्हापशाच्या मुलानं चहा उभ्यानं घेतला. ट्रकवाला पाय न धुता स्लॅबवर चढला. मुलगा फार तरुण, ट्रकवाला फार गोड बोलतो. एकाच्या कंपनीचा रंग निळा, तो काय शुभ नाही. मी फोनवर हो हो म्हणायचे आणि ठेवल्यावर भावाला लावायचे. भाऊ वास्कोहून बंदराच्या भोंग्याच्या वरताण ओरडून विचारायचा, "ठरला काय?"

शेवटी तो वैतागला. गणपतीच्या आधी बसवायचं तर आता ठरायलाच हवं होतं. "आई, तुका आमचा पटत नाय. मगे देवाक इचार!"

तो रागानं म्हणाला होता. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरां."

आमच्या गावात अडलेली गोष्ट देवाला विचारतात. भटजी फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला आम्ही प्रसाद म्हणतो. लग्न, घर, परदेशची नोकरी, सगळ्याला प्रसाद लावून झाला आहे. सोलारला बहुधा पहिल्यांदाच.

भाऊ रजा काढून आला. गाडीत त्यानं आईला तीन वेळा समजावलं, "उजवी पडली तर म्हापशाचो, डावी पडली तर डिचोलीचो. समाजला मां?" आई जनेलातून बाहेर बघत "हं" म्हणाली. देवळात भटजींनी विचारलं, काय गाऱ्हाणं घालू? भाऊ पुढे सरसावला, तर आई म्हणाली, "मी मनात इचारतंय." भटजींना त्याची सवय होती. 'हिच्या मनात जे आहे त्याला उत्तर दे' असं त्यांनी देवाला सांगितलं. आईनं डोळे मिटले. आम्ही दोघं, चांगली शिकली सवरलेली माणसं, श्वास रोखून पाकळ्यांकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं उजवी पाकळी पडली.

आईनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटत असेल. भावाला तर काहीच वाटलं नाही, कारण तो तोवर देवळाच्या पेळेवर, बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन म्हापशाच्या कंपनीला फोन लावत होता. डिचोलीच्या ट्रकवाल्याला कळवायचं माझ्या गळ्यात आलं. मी घाबरत घाबरत त्याला बाजारात गाठलं. तो म्हणाला, "देवानच सांगितल्यान तर मी काय बोलू ताई?" आणि वर मला चहा पाजला.

आठवड्यात म्हापशाचा मुलगा कागद करायला घरी आला. मीटर आईच्या नावावर करायचा अर्ज आधी, सोलारचा नंतर. या वेळी तो चहा बसून प्यायला. कुणीतरी सांगितलं असणार. भाऊ त्याला मोठ्या अभिमानानं म्हणाला, "तुमची कंपनी खुद्द देवान निवडल्यान, आसात खंय?"

आई चण्याच्या डाळीतले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाक मी कंपनी खंय इचारलंय?"

"मगे काय इचारलंस?"

"बिलावरचा ह्यांचा नाव काढू काय, ता इचारलंय. देवान होय म्हटल्यान. कंपनी तुमी ठरवलात."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी टॅबवाल्या मुलाकडे. तो बिचारा आपली ऑर्डर राहिली की गेली याचा अंदाज घेत होता. मला ट्रकवाल्याचा चहा आठवला आणि हसू आवरेना. भाऊ दुखावल्या आवाजात म्हणाला, "आणि कंपनीचा?"

"दोगय बरेच आसत," आई म्हणाली. "होच ऱ्हांवदी."

इतके दिवस कंपन्यांत तिला काहीच खोट दिसलेली नव्हती तर. तिला फक्त बाबांची परवानगी हवी होती, आणि ती घ्यायला दुसरा मार्ग उरला नव्हता. हे लक्षात आल्यावर माझं हसू कुठच्या कुठे गेलं.

मुलानं मान खाली घालून टॅबवर आईचं नाव टाकलं, आडनाव टाकलं. मग विचारलं, "मधलं नाव घालू काय?"

"नाका," भाऊ म्हणाला. "आमच्या घरात कोण घालणा नाय. आधारार पण नाय."

"घाल," आई म्हणाली.

"मग नवऱ्याचं नाव सांगा, मावशी."

आम्ही दोघांनी सवयीनं तोंड उघडलं. आईनं डाळीनं भरलेला हात वर केला आणि आम्ही गप्प झालो. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, आणि बाबांचं नाव घेतलं. सरळ, खणखणीत, पलीकडच्यालाही ऐकू जावं इतकं. मी तिच्या तोंडून ते कधीच ऐकलं नव्हतं. ते एखाद्या दुसऱ्याच, तरुण माणसाचं नाव वाटलं.

टॅबवर चाक गोल फिरत राहिलं आणि थांबलं.

"सॉरी मावशी, नेट गेलं. परत सांगता?"

आईनं परत सांगितलं. या वेळी जरा सावकाश. भाऊ उठून खळ्यात मिरच्या बघायला गेला. मुलगा म्हणाला, आता झालं, आणि चहाचा कप उचलला. आई मात्र सूप मांडीवर न घेता त्याच्याकडेच बघत होती, नेट अजून एकदा जातंय का म्हणून.