आरशाचं बावखल

तळमजल्यावरचे अंकल डिसेंबर लागला की गॅलरीत पसरट डब्यांमधून नाचणी पेरतात. नाताळपर्यंत ती बोटभर हिरवी होते आणि घरातल्या येशूजन्माच्या देखाव्यात शेत म्हणून लागते. बोलणं अगदी मोजकं. ‘होईल सावकाश,’ हे त्यांचं कशालाही उत्तर.

यंदा देखावा रचताना मीही मदतीला होतो. गवताचा गोठा झाल्यावर अंकलनी समोर एक जुना आरसा आडवा ठेवला आणि काठाने माती थापली. हे बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बेथलेहेमात ते कुठून आलं, असं त्यांना कुणी विचारत नाही.

त्यांच्या नातीने खोक्यांची चार मजली बिल्डिंग केली होती. जागा मिळेना, तेव्हा तिने ती आरशावरच ठेवली.

अंकलनी ती दोन्ही हातांनी अलगद उचलली. ‘इथं नको, बाय. बावखल बुजवायचं नाही.’ मग मेंढरं सरकवून त्यांनी बिल्डिंगला मागे जागा करून दिली.

‘तुमच्या वाडीत होतं का असं?’ मी सहज विचारलं.

‘होतं ना,’ माती थापता थापता ते म्हणाले. ‘तुमची गाडी उभी असते, तिथंच.’