नसरापूरच्या रांगेत तापलेली गाडी

माझं पहिलं पोस्टिंग हिमालयातल्या लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये झालं. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. साडेपाचला पीटी, साडेसातला हजेरीचं फॉल-इन, आठला हातात पाना. आमच्या सेक्शनला नायक दत्तू कोकरे होता. तो गुंजवण्याच्या वरच्या वाडीतला, घरी शेळ्या-मेंढ्या. मी जवळच्याच आंबवड्याचा. तो हुद्द्याने आणि वयाने मोठा, पण आपल्याकडचा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

एखादा ड्रायव्हर गाडी गरम होते म्हणून आला, की दादा बॉनेट उघडत नसे. आधी विचारायचा, "कधी गरम होते? चढाला, पळताना, का उभी असताना?" उत्तर मिळाल्यावरच हात लावायचा. मी शिकलो ते असं. त्याच पोस्टिंगवर दादा गेला. दरड कोसळली.

मी बावीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तरी गावात सगळे मेजर म्हणतात. वर्षातून दोनदा दादाच्या आईला, गयाबाईंना, भेटून येतो. यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पुण्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण वाटेत गाडी तापली आणि धाकटा मुलगा महादू त्यांना घेऊन माघारी आला. दुसरी तारीख मिळाली तेव्हा महादूचा फोन आला.

"मेजर, तुमी संगं चला. मेस्त्रीनं थर्मोस्टॅट बदलला, हायवेला पळवून बघितली, तवा कायबी झालं न्हाई. आता म्हणतो इंजिन खोलायला लागंल. आन् आई म्हणती, ह्या बारीला न्हाई झालं तर परत जायाचंच न्हाई."

आदल्या संध्याकाळी एसटीने गुंजवण्याला पोहोचलो. सकाळी साडेसातला निघालो. महादू चालवत होता, आई मागे. अकराला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. नसरापूरपर्यंत टेम्परेचरचा काटा मधोमध होता. चढाला नाही हलला, पळताना नाही हलला.

हायवेला लागलो आणि पुढे रस्त्याचं काम. गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. ८.३५ ला काटा उठला. ८.४० ला लाल पट्ट्याजवळ.

"हीटर फुल कर. बाजूला घे."

"उकाड्यात हीटर?"

"इंजिनची उष्णता आत ओढतो. घे बाजूला."

८.४२ ला थांबलो. इंजिन बंद, चावी चालूच ठेवली. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाला महादूने हात घातला, तो मी धरला. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. मी फक्त पाहिलं. इंजिन कढत होतं, चावी चालू होती, तरी रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता.

गाडी पळते तेव्हा वारा समोरून रेडिएटरला लागतो. रांगेत तो लागत नाही, तिथे पंख्याचंच काम. मेस्त्रीने मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहिली, म्हणून त्याला दोष दिसला नाही. फ्यूज तपासला, चांगला. पिशवीतल्या वायरने पंख्याला बॅटरीचा करंट थेट दिला. गरकन फिरला. राहिला रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारी लहानशी डबी. शेजारी हॉर्नचा रिले होता. आकार तोच, वरचे आकडे तेच. अदलाबदल केली. पंखा सुरू झाला.

"इंजिनला काही झालं नाही," मी म्हणालो. "निवू दे. मग पाणी घालून निघू."

महादू पाणी आणायला गेला. मी आईंजवळ बसलो. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारलं.

"किसना, दत्तू गेला तवा तू कुठं व्हतास?"

"वर्कशॉपमध्ये. रेडिओवर मीच होतो."

"काय म्हणला त्यो?"

मी जसं होतं तसं सांगितलं. ट्रक अडकला होता, तो ओढायला दादा रिकव्हरी गाडी घेऊन गेला होता. दुपारी ३.१० ला मी विचारलं, "रिकव्हरी वन, पोझिशन सांगा. ओव्हर." तो म्हणाला, "हुक लावलाय. दहा मिनिटं. ओव्हर." ३.२० ला पुन्हा हाक दिली. उत्तर आलं नाही.

आई म्हणाल्या, "म्हंजी कामातच व्हता."

"व्हय, आई."

"भ्याला न्हवता."

"न्हाई. आवाज नेहमीचाच होता."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

९.२५ ला फडकं धरून झाकण हळूहळू सोडलं, पाणी भरलं, गाडी सुरू केली. रांग अजून तशीच होती. काटा मधोमध आला, पंखा लागला, काटा तिथेच राहिला. पाच किलोमीटरला अर्धा तास लागला, तरी तो हलला नाही. फक्त आता हॉर्न नव्हता.

"हॉर्नबिगर पुण्यात गाडी कशी चालवायची?" महादू घाबरला.

आईंनी मागची काच खाली घेतली, हात बाहेर काढला आणि मेंढरं हाकतात तशी हाळी दिली, "हुर्र! सरका रं!" पुढचा मोटारसायकलवाला खरंच सरकला. त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो. १०.५० ला दवाखान्याच्या दारात होतो.

त्याच दुपारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. आईंनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग महादूकडे. मग मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती पिकलास रं, किसना."

"वय झालं, आई."

"दत्तू तुझ्यापरीस आठ वर्सांनी थोरला." त्या माझ्या केसांकडे बघत राहिल्या. "त्याचं तर समदंच पांढरं झालं असतं."

मी मान हलवली. दादा गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.