रिकामी गाडी उडते

वांगणीच्या फाट्यावर माझी चहाची टपरी आहे. जिवादादाची गाडी मला आधी ऐकू येते, मग दिसते. वळणापलीकडे खडखडाट, मग धाडकन आपटल्याचा आवाज, मग शिव्या. शिव्या जिवादादाच्या. अर्ध्या गाडीला, अर्ध्या त्या ठेकेदाराला, ज्यानं डांबराच्या नावाखाली खडी पसरली आणि तोंड काळं केलं. त्या माणसाला एकदा माझ्यासमोर उभा करा, चहा नाही पाजणार मी त्याला.

जिवादादा ठाण्याला बरीच वर्षं टेम्पोवर होता. गौरावहिनी आजारी पडली तेव्हा परत आला आणि साठवलेल्या पैशातून ही पांढरी छोटी गाडी जुनी विकत घेतली. वहिनी गेली, गाडी राहिली. पाड्यावरच्या लोकांना जव्हारच्या बाजाराला, दवाखान्याला न्यायचं, आणायचं, हेच त्याचं काम. गाडी पाच जणांची. जिवादादा नऊ बसवतो. दहावा आला तर त्याच्या मांडीवर कोंबडी ठेवायला देतो, म्हणजे तो गुपचूप बसतो.

नऊ जणांनी गाडीचं बूड दगडांना घासायला लागलं, म्हणून त्यानं जव्हारच्या मेकॅनिक हेमराजकडून मागच्या स्प्रिंगांत जाड रबर बसवून घेतलं. चाकांत हवाही ठासून. आमच्याकडे सगळे गाडीवाले हेच करतात. पावसाळाभर ती गाडी गाभण म्हशीसारखी संथ चालते. पण दिवाळी झाली की घराघराला कुलूप. कोणी वीटभट्टीवर, कोणी भिवंडीला, कोणी वसईला. पोरंबाळं, कोंबड्या, तवापरात सगळं बरोबर. मागे उरतात म्हातारी माणसं. मग जिवादादा एकटाच गाडी घेऊन फिरतो, आणि ती गाडी उडायला लागते.

त्याची एकुलती एक लेक चंदना वसईला दिलेली. जावई मुकेश कंपनीत आहे, गुणाचा आहे. ह्या वर्षी चंदनाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. आई नसली म्हणून काय, माहेर तर आहे. जिवादादानं घर सारवून घेतलं, पाळण्याला दोरी आणली. मला म्हणाला, "पुष्पा, तेल तू लावायचं बाळाला." मी म्हटलं, "मी नाही तर काय तू लावणार?"

पण दिवाळीनंतर चंदना येऊन गेली होती ना, तेव्हा परत जाताना घाटाच्या वळणावर खडीवरून गाडीची मागची बाजू अशी सरकली की पोरीनं डोळेच मिटले. नंतर फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या गाडीत बसायची भीती वाटते." झालं. ते एक वाक्य त्यानं मनाला लावून घेतलं. जेवण गोड लागेना त्याला. पोर गाडीला भिऊन आली नाही तर? हाच घोर.

हेमराजकडे किती खेपा घातल्या. चाकं सरळ करून घेतली, शॉकअप बदलले, गाडी उडते ती उडतेच. एकदा साखर आणायला मीही बरोबर गेले होते. हेमराज वैतागला होता. म्हणाला, "जिवाकाका, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही तिला नऊ माणसांसाठी कडक करून घेतली आणि चालवता एकटे. वजनच नाही तर स्प्रिंग दबणार कशी? खड्ड्यातनं चाक वर आलं की जमीन सोडतं. चाक हवेत, मग स्टेअरिंग फिरवून काय होणार?"

"मग मोठ्या जीपला असं का होत नाही?" मी विचारलं. मला गप्प बसवत नाही.

"तिचं चाक मोठं, ते खड्ड्यावरून जातं. हिचं चाक लहान, आत पडतं. शिवाय गाडी आखूड. पुढचं चाक सावरतंय तोवर मागचं पडलं. रबर काढतो, हवा कमी करतो, मागे थोडं वजन ठेवा. पण होळीला लोक परत आले की बूड घासेल, मग मला बोलायचं नाही."

"काढ," जिवादादा म्हणाला.

चंदनाला जव्हारच्या स्टँडवरून आणायच्या दिवशी तो सकाळीच फाट्यावर आला. डिकीत नाचणीचं पोतं. मागच्या सीटवर पाड्यावर उरलेली लाडकी आजी आणि धोंडीबाबा. वजन म्हणून आणलेली माणसं! धोंडीबाबाला मी विचारलं, "तुम्हाला जव्हारला काय काम?" तर म्हणाले, "मला काय काम? बसायचं." लाडकी आजी मात्र केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून आली होती, चेहरा नुसता फुलला होता. कित्येक वर्षांत तिला कोणी गाडीत बस म्हटलं नव्हतं.

येताना गाडी डुलत आली, उडाली नाही. चंदना पुढे बसली होती. माझ्याकडे चहा प्यायली आणि म्हणाली, "मावशी, बाबांची गाडी छान झाली." जिवादादा पाठ फिरवून काच पुसत बसला. पुसायला काही नव्हतं त्या काचेवर. खूश झाला की तो तोंड लपवतो, मला माहीत आहे.

थोडेच दिवस गेले असतील. एका सकाळी गाडी पुन्हा फाट्यावर थांबली. चंदना पिशवी घेऊन उतरली.

"मावशी, मी परत जाते."

"गाडीनं त्रास दिला?"

"गाडीची नाही, पाड्याची भीती वाटते. हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. बाबा नाचणी दळायला गेले तर दिवसभर मी आणि ती कुलपं. कळा सुरू झाल्या तर मला धरायला कोण? लाडकी आजीला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, मी येऊन राहते. म्हणाली, तुमची टपरी? मी म्हटलं, गेली खड्ड्यात टपरी. तिनं नुसता माझा हात धरला. मला तिचा राग करायचा होता, पण जमेना. पोर खरं बोलत होती.

जिवादादानं सगळं ऐकलं. जाताना ती म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला माझ्याकडे."

"होळीला लोक येतील," तो म्हणाला, "त्यांना स्टँडवरून कोण आणील?" आणि गाडी चालू केली.

होळीच्या बऱ्याच आधी, एका सकाळी आला तो. कधी नव्हे ते शिव्या न देता आला. "पुष्पा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत." माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी त्याला चहा दिला. तो उभ्यानंच प्यायला. माझ्या बाकड्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं.

"आज कोणी आलं नाही?"

"कोण येणार, दादा?"

पिशवीत गुळाची जवळजवळ अख्खी ढेप होती. निघताना पाड्यावर लाडकी आजीला गूळ दिला, धोंडीबाबाला दिला, संपली माणसं. तो पिशवी घेऊन गाडीत बसला आणि पलीकडच्या जामसर गावाच्या रस्त्याला लागायला गाडी वळवली.

"तिकडे कुठं? तिथं कोण आहे तुझं?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "पण तिथले सगळेच काही गेले नसतील."