ज्वारी भिजत घालण्याआधी

चुलीवरच्या पातेल्यात बिबड्यांचा, म्हणजे उन्हात वाळवायच्या ज्वारीच्या पापडांचा, घाटा रटरटत होता आणि वच्छलाबाईंचे दोन्ही हात ढवळायच्या दांड्यावर होते, नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली. जळगावच्या मेहरूणमध्ये अजून नीट उजाडलंही नव्हतं.

"दार लोटलेलंच आहे," त्या आतूनच म्हणाल्या. घाटा चढायला लागला की हात थांबवता येत नाही. थांबला तर तळाला लागतो, आणि तो करपट वास वर्षभर डब्यातून जात नाही.

पाठीवर बॅग अडकवलेला प्रशील आत आला. हा त्यांच्या भावाचा मुलगा, गोव्याला समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजायच्या नोकरीत. स्टेशनवरून घरी न जाता तो थेट इकडेच आला होता.

"आत्या, आज बिबडे टाकू नको. दुपारी पाऊस आहे."

वच्छलाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आता सांगतोस?"

यंदाच्या चैत्रातली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेचे वाळत आलेले बिबडे गारांनी फोडले. दुसऱ्या वेळी फोनवर पावसाची सूचना आली म्हणून त्या थांबल्या, तर दिवसभर टाळू भाजणारं ऊन पडलं आणि भिजलेली ज्वारी आंबून फुकट गेली. बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजते, मग उपसायची, कांडायची. एकदा भिजली की तिला 'आज राहू दे, परवा बघू' असं सांगून चालत नाही. नवरा गेल्यापासून हे बिबडे विकूनच त्यांचं वर्ष निघत होतं. नेहमीची घरं आता "मावशी, यंदा जमेल ना?" असं विचारू लागली होती. एका घराने तर दुकानातली पाकिटं आणूनही टाकली होती.

शेजारच्या कमलबाई जुन्या साड्या आणि पाण्याची बादली घेऊन आल्या. बिबडे टाकायला बायका एकमेकींकडे जातात, तशा. माहेर शिंदखेड्याचं, बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. पावसाचं ऐकून त्यांनी दारातून वर पाहिलं.

"आभायमा एक ढग तरी शे का? हाऊ पोऱ्या गोवाथीन पिशवीमा पानी लई उना का?"

"पिशवीतून नाही, पाणी समुद्रातूनच येतंय, काकू," प्रशील म्हणाला.

"समुद्र कुठे, जळगाव कुठे," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी तर तो पाहिलाही नाही."

"आपल्या गाड्या-कारखान्यांच्या धुराने जी उष्णता वाढली ना आत्या, ती जास्त करून समुद्रानेच पोटात घेतली. अरबी समुद्र तापलाय. तापलेलं पाणी जास्त वाफ सोडतं, ती वाऱ्याबरोबर इकडे येते. आणि पाणी तापलं की ते धूरही पहिल्यासारखं ओढून घेत नाही. तो हवेतच राहतो, हवा आणखी तापते."

वच्छलाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "जाळ लावणारे भलतेच, आणि घाटा करपतो माझा. बरं, हा तयार झाला. आता याचं काय करू? पातेल्यात ठेवून पूजा करू?"

घाटा ठेवूनही फुकटच जाणार होता. गच्चीवर ओल्या साड्या अंथरल्या, हाताला पाणी लावून गोल गोल बिबडे थापले. प्रशीलही बसला. त्याचे लांबट, वेडेवाकडे बिबडे पाहून कमलबाई म्हणाल्या, "या काय बिबडा शेत? गायना कान शेत."

वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष धुळ्याच्या बाजूला होतं.

जेवणं व्हायच्या आतच त्या बाजूने आभाळ काळवंडलं. वारा आधी आला. साड्यांची टोकं धरून तिघांनी धावाधाव केली, पण ओल्या बिबड्यांच्या साड्या घडी घालून उचलता येत नाहीत. घडी पडली की बिबडे एकमेकांना चिकटतात. अर्धे गच्चीवरच पावसात पसरले. उरलेले खाटेवर, टेबलावर, शेवटी फरशीवर पंख्याखाली मांडले. संध्याकाळपर्यंत त्यांना बुळबुळीत ओल धरली आणि घरभर आंबूस वास सुटला.

"चाला, वल्लाच खाई टाकूत," कमलबाईंनी ओल्या बिबड्यांवर शेंगदाण्याचं तेल घातलेली ताटली पुढे केली. वच्छलाबाईंनी हात लावला नाही.

"हा पाऊस तुला कधी कळला होता?" त्यांनी प्रशीलला विचारलं.

"अंदाज चार-पाच दिवसांपूर्वीच होता. पण नक्की नव्हतं. नक्की नसताना कसं सांगायचं? चुकलं तर तूच बोलशील."

"भिजल्यावर सांगितलंस तर बोलेन. कोरडी ज्वारी पोत्यात महिनाभरही थांबते, तिला काही होत नाही." फरशीवरचा एक बिबडा त्यांनी उचलला, तो बोटांतच तुटला. तुकडा ताटलीत ठेवून त्यांनी हात पदराला पुसला. "खाण्यासाठी बाजूला ठेवलेली ज्वारी आहे अजून घरात. तिचेच करीन. तू एवढंच कर बापू, मी ती भिजत घालायच्या आधी मला फोन कर. अंदाज चुकला तरी चालेल."