डिपचं बघणारी

मी डिप करायला शिकले ते कुणाला खाऊ घालायच्या हौसेने नाही. बायकांची तोंडं भरलेली राहावीत म्हणून शिकले. भरल्या तोंडाने प्रश्न विचारता येत नाहीत, आणि त्या काळात मला जो भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा. "काय मग, काही विशेष?"

मूल झालं नाही आम्हाला. हे इथेच सांगून टाकते, नाहीतर शेवटी पाळणा हलेल या आशेवर तुम्ही वाचत बसाल.

लग्न होऊन मी नाशकात, सिडकोत आले ती नव्वदीच्या मध्यावर. नवरा सिन्नरला कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो दिवेलागणीला यायचा. घरात सासू, सासरे, कॉलेजात जाणारी नणंद आणि मी. लोकांचं एक गणित असतं. पहिल्या वर्षी थट्टेने विचारतात, तिसऱ्या वर्षी काळजीने, आणि पाचव्या वर्षापासून विचारणं बंद करून सल्ले देतात. नारायण नागबळी करायला लोक कुठून कुठून रेल्वेने त्र्यंबकला येतात. आम्हाला एसटीने तासभरसुद्धा लागत नाही, त्यामुळे "फार लांब पडतं हो" ही सबबही देवाने माझ्यासाठी शिल्लक ठेवली नव्हती. केलं तेही. गुण आला नाही.

डिपची आणि माझी गाठ पडली ती कंपनीच्या जेवणात. परदेशातले कोणी साहेब आले होते म्हणून मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात सगळ्यांना बायकांसकट बोलावलं होतं. टेबलावर मधोमध पांढऱ्या लगद्याचा वाडगा आणि भोवती गाजर-काकडीचे लांब तुकडे. मी एक गाजर बुडवून तोंडात घातलं आणि मला हसूच फुटलं. शेपू! ज्याच्या नुसत्या वासाने आमच्याकडे पोरं ताटावरून उठतात, तो शेपू इथे टाय लावून बसला होता आणि मोठे मोठे साहेब त्याला "वंडरफुल" म्हणत होते. नवरा कानात म्हणाला, "हसू नकोस, माझं प्रमोशन आहे."

पुढच्याच बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून शेपूच्या दोन जुड्या आणल्या. दही पंच्यात बांधून स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला टांगलं. पाणी गळून चक्का झाला, तो सायीबरोबर फेटला, लसूण ठेचून घातला, मीठ, मिरपूड, लिंबू, थोडी कोथिंबीर, आणि भरपूर शेपू. पहिल्यांदा पार फसलं, कारण शेपू धुऊन तसाच घातला आणि डिपची कढी झाली. दुसऱ्यांदा शेपू कपड्यात गुंडाळून कोरडा केला, अगदी बारीक चिरला आणि वाडगा झाकून ठेवला. तेव्हा कुठे ते जमलं.

सासऱ्यांनी बोटावर घेऊन चाटलं आणि म्हणाले, "साखर राहिली जणू." सासूबाई चाटायच्याही भानगडीत पडल्या नाहीत. "एवढ्या चक्क्यात घरभराचं श्रीखंड झालं असतं," एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडायला बसल्या. सासूबाई कमी बोलायच्या. मुलाच्या बाबतीत तर मला त्यांनी कधी टोचलं नाही, पण कोणी दुसऱ्याने टोचलं तर त्याला अडवलंही नाही. त्या नक्की कोणाच्या बाजूच्या आहेत, हे मला इतकी वर्षं एका छपराखाली राहून कळलेलं नव्हतं.

पहिला प्रयोग मी कॉलनीतल्या भिशीत केला. वाडगा ठेवला, गाजर-काकडी ठेवली, बेकरीतली खारी ठेवली. बायका आधी बिचकल्या, मग एकीने बुडवलं, आणि मग जी झुंबड उडाली ती उडाली. "अगं, काय घातलंयस यात?" सगळ्यांना तेच विचारायचं होतं. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच लोक मला वाडग्यात काय आहे ते विचारत होते, पोटात काय आहे ते नाही. मी इतकी खूश झाले की घरी येऊन नवऱ्याला दोनदा सगळं सांगितलं.

शेपूचं नाव मात्र मी घेतलं नाही. "परदेशी पाला आहे," म्हणाले. समोरच्या बंगल्यातली बाई आमच्याकडे शेपूची भाजी झाली की धाडकन खिडकी लावून घ्यायची. तिने त्या दिवशी वाडगा बोटाने पुसून काढला आणि हा पाला नाशकात कुठे मिळतो म्हणून चौकशी केली. मी म्हटलं, मिळत नाही, मुंबईहून मागवते.

मग काय, माझं नाव झालं. वाढदिवस असो, साखरपुडा असो, बारसं असो, मला आधी निरोप यायचा. माझी सगळ्यात मोठी चाहती म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई. त्या सिन्नरला राहायच्या आणि भावकीतल्या प्रत्येक कार्याच्या मुकादम होत्या. कोणी कुठे बसायचं, कोणी काय उचलायचं, हे त्या ठरवायच्या. डिप त्या चिवड्यात कालवून खायच्या, भेळेसारखं. बघवायचं नाही, पण कौतुक तोंडभर. प्रत्येक कार्यात मला म्हणायच्या, "तू फक्त डिपचं बघ. बाकी कशाला हात लावू नको." मी फुगायचे. हाताखाली दोन बायका देऊन मला स्वयंपाकघर आंदण मिळायचं. मला वाटायचं, मी या घराण्याची कोणीतरी झाले.

दोन हजार तीन-चार साली, लग्न होऊन सासरी गेलेल्या नणंदेला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण आमच्याकडेच करायचं ठरलं. तिला डोहाळे लागले होते ते चिंचेचे नाहीत, कैरीचे नाहीत, माझ्या डिपचे. फोनवर म्हणायची, "वहिनी, ते पांढरं कर ना गं." मी अभिमानाने चार जुड्या शेपू आणला. मला खरोखर आनंद झाला होता, हेवा नव्हता. थोडासा असेल तर तो लसणाबरोबर ठेचून टाकला.

दुपारी घर बायकांनी भरलं. नणंद हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी लेवून पाटावर बसली. डिप तयार होतं, गाजरं चिरून झाली होती, खारी ताटात मांडली होती. मी पदराला हात पुसले आणि बाहेर निघाले, तर दारात आत्याबाई. "गाजरं कमी वाटत्यात. अजून थोडी चिर."

गाजरांचा ढीग होता. तरी मी चिरली. पुन्हा निघाले, पुन्हा त्या दारात. "काकडी लय जाड झालीय. बारीक कर, पोरीला चावायला बरी." मी परत फिरले आणि काकडी हातात घेतली, तेवढ्यात बाहेरून त्यांचाच आवाज आला. "पाच लेकुरवाळ्या झाल्या का गं? ओटी भरायला घ्या मग."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. चुलत जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरली तेव्हा मी कुठे होते? स्वयंपाकघरात. पुतणीच्या बारशाला बाळ पाळण्यात घातलं तेव्हा? स्वयंपाकघरात, वाडग्यावर लिंबू पिळत. एकदा नाही, दरवेळी. कोणी मला "तू येऊ नकोस" असं म्हटलं नव्हतं. इतकं वाईट कोण बोलेल? फक्त डिपचं बघ म्हटलं होतं. मी लोकांची तोंडं बंद करायला हे शोधून काढलं, आणि त्यांनी तेच वापरून मला आत ठेवलं. वर मी त्यांच्यासाठी हौसेने शेपू कोरडा करत होते.

मला रडू आलं. राग नंतर आला, पण आला तो सणसणीत. मी हात धुतले, साबण लावून धुतले, आणि बाहेर गेले.

चौथी बाई ओटी भरून उठत होती. मी सरळ जाऊन नणंदेपुढे बसले आणि ताटातला नारळ उचलला. आत्याबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आगं, तू कशाला उठून आलीस? तिकडं डिपचं कोन बघंल?"

नणंदेने ओटीचा पदर धरला होता, तिने तो मागे घेतला नाही. पण तिची नजर आईकडे गेली. मीही पाहिलं. सगळ्याच बायका सासूबाईंकडे पाहू लागल्या. त्या कोपऱ्यात हळदी-कुंकवाचं तबक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आता या म्हणतील, जा गं आत, असं मला वाटलं. तसं म्हणाल्या असत्या तर मी नारळ खाली ठेवला असता आणि पुन्हा त्या घरात कुणासाठी वाडगा भरला नसता, एवढं मला माझ्यापुरतं माहीत होतं.

सासूबाई उठल्या. सावकाश आल्या. गव्हाचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "भर. वंजळभर घे, कंजुषी नको करू."

आत्याबाई म्हणाल्या, "वहिनी, तसं नसतं वो. पोरीच्या भल्याचं बघाया नको?"

"तेच बघते मी," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचे डोहाळे हिनं पुरवले, माझ्यानं नाय झाले. आन् वन्सं, तुम्ही जरा आत जा. काकडी जाड झालीय म्हणत होता ना, ती बारीक करा."

आत्याबाई आत गेल्या. मी ओंजळभर गहू घेतले. आतून सुरीचा आवाज येऊ लागला, तेव्हा नणंदेने हसू दाबत पदर आणखी पसरला.