खुंट कोणता?

नलूताईंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. घोलवडच्या चिकूच्या वखारीत कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्याकडे, पण काम उभ्यानं. चार ओळी टाइप केल्या की दाराशी, परत, पुन्हा दाराशी. त्यांच्या हाताखाली लागलो त्या दिवशी मी अदबीनं खुर्ची पुढे केली. "तू बस. तुला सवय आहे," म्हणाल्या. मी बसलो. टोमणा आठवड्यानं कळला.

माहेर कलमांच्या नर्सरीचं. खिरणीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, चिकूचं कलम बांधण्यात लहानपण गेलेलं. त्यामुळे प्रिंटर अडो की नेट, प्रश्न ठरलेला: "वरची पानं काय बघतोस? खुंट कोणता ते सांग."

एकदा आमचं वजनं नोंदवणारं कॉम्प्युटरचं मशीन रोज दुपारी, ऐन ट्रक भरताना, कोसळायला, म्हणजे चालता चालता बंद पडायला लागलं. पेट्यांत चिकू मऊ पडत होते. वखारीचे शेठ दारात येऊन म्हणाले, "नलूबेन, सांजपर्यंत कारण जोईए. नाही मिळालं तर उद्यापासून घरी आराम करा."

कोसळताना मेमरीत जे असतं, ते मशीन एका फाइलीत उतरवून ठेवतं. तो क्रॅश डंप आमच्याकडे होता. पण तो वाचायला, त्या वेळी चालू असलेल्या कर्नलची, म्हणजे मशीनच्या गाभ्याची, त्याच बांधणीची फाइल लागते. ते कर्नल ताईंनी स्वतः बांधलेलं. आणि मी त्याच सकाळी, उपाय म्हणून, नवं कर्नल टाकून जुनं सगळं पुसून काढलं होतं. केवढी जागा झाली म्हणून शाबासकी मागायलाही गेलो होतो.

"नेटवरून आणतो ताई, व्हर्जनचा नंबर तोच आहे." आणली, जोडली. पडद्यावर नुसता गोपाळकाला.

"नंबर एक म्हणून खुंट एक होतो का रे?" ताईंच्या येरझाऱ्या वाढल्या. मग एकदम थांबल्या. "तलासरीच्या मशीनवर नवं टाकायला सांगितलं होतं, टाकलंस?"

"हो ना, मागेच."

"खरं सांग."

"नाही. ऊन फार होतं."

"देवा, या आळशाला उदंड आयुष्य दे!"

तलासरीच्या केंद्रात त्यांनीच बसवलेलं जुळं मशीन होतं, आणि त्यावर जुनंच कर्नल अजून शाबूत होतं. तिथलं नेट इतकं मंद, की फाइल यायला दुसरा दिवस उजाडला असता. स्कूटर काढली. रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं, तर मागून उतरून ताई तिथेही फेऱ्या मारू लागल्या.

फाइल आणून जोडली आणि डंप बोलू लागला. वजनकाटा मशीनला जोडणाऱ्या ड्रायव्हरनं, म्हणजे त्या छोट्या प्रोग्रॅमनं, मशीन पाडलं होतं. तो ड्रायव्हर ताईंनीच लिहिलेला. तलासरीला काटाच नव्हता, म्हणून ते मशीन ठणठणीत.

मी कुजबुजलो, "काटेवाल्यावर ढकलू या. शेठना काय कळतंय?"

"कलम मी बांधलं. फळ बिघडलं तर खुंटाला शिव्या घालू?"

चूक दुरुस्त करून ताई शेठसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कारण मिळालं. मी."

शेठनी हातातला चिकू दाबून पाहिला. "मग तर तुम्हाला जावंच लागेल, बेन."

ताईंनी पिशवी उचलली. दाराशी गेल्या. या वेळी परत वळल्या नाहीत.

मशीन त्यानंतर एकदाही कोसळलं नाही. तरी दुपारी ट्रक लागले की मी उठतो. दाराशी, परत, पुन्हा दाराशी. शेठ वैतागतात, "अरे भाई, खुर्ची आहे ना? बस की!"

मी म्हणतो, "सवय गेली."