कामठीहून येणारं पोटॅशियम

“मशीन बिघडली आहे की पेशंट? काय ते एकदा ठरवून सांगा.”

फोनवर सर्जन होते. समोर स्क्रीनवर देवरावजींचा रिपोर्ट होता. पोटॅशियम ६.२. साधारण साडेतीन ते पाच असायला हवं. आधीच्या आठवड्यातही असंच आलं होतं.

पोटॅशियम म्हणजे रक्तातला एक क्षार. हृदयाचे ठोके त्याच्यावर अवलंबून असतात. ते फार वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं. त्यामुळे असा रिपोर्ट हातात आल्यावर भूल देणारे डॉक्टर पेशंटला टेबलावर घेतच नाहीत. देवरावजींचं हर्नियाचं ऑपरेशन त्यामुळे दोनदा पुढे ढकललं गेलं होतं.

“ECG साफ आहे, किडनीचे आकडे नॉर्मल आहेत,” सर्जन म्हणाले. “तरी पोटॅशियम जास्त. माझी मती गुंग झाली आहे. गुरुवारी शेवटचं सॅम्पल पाठवतो. तेही असंच आलं तर त्यांना किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल. मग ऑपरेशन कधी होईल देव जाणे. आणि तोवर आतडं अडकलं तर?”

मी “पाहतो सर” म्हणालो. काय पाहायचं, ते मला माहीत नव्हतं.

मी सक्करदऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं काम पाहतो. रक्त गोळा करण्याची आमची दोन-तीन केंद्रं आहेत, त्यातलं एक कामठीला; देवरावजींचं रक्त तिथूनच आलं होतं. माझं शिक्षण काटोलकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. आई संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावर जायची. शाळेत एकच मायक्रोस्कोप होता आणि आमचे विज्ञानाचे सर तो कुलपात न ठेवता आमच्या हातात द्यायचे. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. म्हणून लॅबमध्ये काही चुकलं की ते माझ्या मनाला लागतं. ही जागा आपल्याला कोणीतरी विश्वासाने दिली आहे, असं वाटत राहतं.

मशीनपासून सुरुवात केली. रोज सकाळी मशीनमध्ये ‘कंट्रोल’ चालवतात. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. तो बरोबर आला. देवरावजींचंच सॅम्पल पुन्हा लावलं. पुन्हा ६.२.

मग रक्त पाहिलं. रक्तपेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं, पण तेव्हा ट्यूबमध्ये रक्ताच्या वर सुटणारं पाणी गुलाबी दिसतं. इथे ते स्वच्छ पिवळं होतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियम असलेलं औषध असतं. त्याचा अंश दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला तरी आकडा वाढतो, पण सोबत कॅल्शियम एकदम पडतं. कॅल्शियमही ठीक होतं.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

“काय म्हणते रे तुझं कामठी?”

“मॅडम, फक्त तिथलीच पोटॅशियम जास्त येऊन राहिली आहेत. तीही सगळी नाही. एकाच डब्यातून दहा सॅम्पल येतात, त्यातली दोन-तीन वाढलेली.”

“रस्त्यात उन्हात राहत असतील.”

“मग दहाही वाढायला पाहिजेत ना?”

“आधी काहून होत नव्हतं?” मॅडमनी विचारलं. तेच मलाही कळत नव्हतं. हे सगळं गेल्या महिन्याभरातलं होतं. केंद्र तेच, ट्यूब त्याच, रक्त घेणारी प्रणालीही तीच.

महिन्याभरात एकच नवी गोष्ट घडली होती आणि ती चांगली होती. एका पेशंटच्या ट्यूबवर दुसऱ्याचं नाव लागल्यावर मॅडमनी आम्हा सगळ्यांसाठी सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये प्रशिक्षण ठेवलं होतं. कामात लक्ष कसं ठेवायचं, याचं. सवयी साध्या होत्या. हातात ट्यूब असताना फोन लांब ठेवायचा. एका वेळी एकच काम करायचं. ताण वाटला तर श्वास घेत मूठ आवळायची आणि श्वास सोडत उघडायची. रोज अकरा वाजता दोन मिनिटं डोळे मिटून लक्ष पायापासून डोक्यापर्यंत न्यायचं, कुठे काय वाटतं ते फक्त पाहायचं. सुरुवातीला आम्ही हसलो. पण नावांच्या चुका खरंच थांबल्या होत्या. त्यामुळे मला त्या प्रशिक्षणाबद्दल आदरच होता.

बुधवारी सकाळी मी कामठीला गेलो. योगायोगाने देवरावजी तिथेच होते, बायकोची शुगर तपासायला घेऊन आले होते. उंच, सडपातळ माणूस. पॉवरलूमवर काम करणारा. मी लॅबमधून आलो हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुम्हीच का जी ते पोटॅशियमवाले?”

“हो काकाजी.”

“मंग एक सांगा. हर्निया मले लूमवर उभं राहू देत नाई, अन् तुमचं पोटॅशियम टेबलावर झोपू देत नाई. मी जाऊ कुठी?”

बायको म्हणाली, “साहेबाले कायले बोलता? केळं खाऊ नका म्हणलं त केळं सोडलं, नारळपाणी सोडलं. आता काय पाणी सोडता?”

मी कोपऱ्यात उभा राहून प्रणालीचं काम पाहू लागलो. फोन ड्रॉवरमध्ये होता. नाव दोनदा विचारत होती. ट्यूबचा क्रम बरोबर होता. देवरावजींच्या बायकोचं रक्त तिने सहज काढलं. मला एकही चूक सापडली नाही. मी आणखीच गोंधळलो.

शेवटी म्हटलं, माझंच सॅम्पल घेऊन पाहू. मी निरोगी आहे, प्रवास तोच होईल, डबा तोच असेल. बाही वर केली, खुर्चीत बसलो आणि मला घाम फुटला. रोज शेकडो ट्यूब हाताळतो, पण स्वतःकडे सुई आली की माझी वाट लागते.

देवरावजी खूश झाले. “पाय वं, हा बी माझ्यावानीच भेकड निघाला!”

“घाबरू नका सर,” प्रणाली हसून म्हणाली. तिने दंडाला रबरी पट्टा बांधला. “माझ्यासोबत श्वास घ्या. हां, असं. आणि सोडा. परत.” तिचा आवाज इतका शांत होता की मी लहान मुलासारखं ऐकत गेलो. सुई कधी गेली ते कळलंही नाही.

दुपारी लॅबमध्ये परतलो तेव्हा रिपोर्ट आला. माझं पोटॅशियम ५.९.

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. मला काहीच होत नव्हतं. तरी मनात किडनी, हृदय, घरचे, सगळं येऊन गेलं. मॅडमनी लगेच लॅबमध्येच माझं दुसरं सॅम्पल घेतलं. ४.३. म्हणजे कामठीला मी आजारी होतो आणि सक्करदऱ्याला बरा.

“याले काय म्हणायचं आता?” मॅडमनीही कपाळाला हात लावला.

त्या दिवशी अकराची दोन मिनिटं हुकली होती. डोकं फुटायची वेळ आली म्हणून मी ती तेव्हाच घेतली. डोळे मिटले. लक्ष तळपायांवर, मग गुडघ्यांवर, पोटावर, खांद्यांवर. तिथून डाव्या हातात उतरलं आणि कोपराच्या खाली थांबलं. तिथे दुखत होतं. सुई टोचल्यासारखं नाही. लहानपणी विहिरीवरून दोराने पाणी ओढल्यावर हात जसा भरून यायचा, तसं.

रक्त देताना मी ओढलं काय होतं?

मग आठवलं. प्रणाली करून दाखवत होती तसं, श्वास घेताना मी मूठ घट्ट आवळत होतो. सोडताना उघडत होतो. परत आवळत होतो. आणि तो सगळा वेळ दंडाला पट्टा बांधलेला होता.

मी प्रणालीला फोन लावला. “मूठ आवळायला तू सगळ्यांनाच सांगतेस का गं?”

“नाही सर. फक्त जे घाबरतात त्यांना. आपल्याला शिकवलं होतं ना? देवराव काकाजी तर इतके घाबरतात, त्यांच्याकडून जास्तच करून घेते. चुकलं का काही?”

पट्टा बांधलेला असताना मूठ जोरात आवळत-सोडत राहिलं की हाताच्या स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर पडतं. पट्ट्यामुळे ते तिथेच साठतं आणि सुईतून आमच्या ट्यूबमध्ये येतं. बाकी शरीरात सगळं ठीक असतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कोपऱ्यात उभं राहून पाहताना मला ते दिसणं शक्य नव्हतं. देवरावजींच्या बायकोला सुईची भीतीच नव्हती.

प्रणाली रडवेली झाली. मी तिला खरं तेच सांगितलं. प्रशिक्षणात आम्ही सगळेच होतो; तिने ते आमच्यापेक्षा जास्त मनापासून ऐकलं होतं.

गुरुवारी मी पुन्हा कामठीला गेलो. देवरावजी खुर्चीत बसले आणि सवयीने मूठ आवळली.

“काकाजी, मूठ उघडा,” प्रणाली म्हणाली.

“आता हे बी नाई? मंग हाताचं करू काय?”

“प्रसाद घेता ना, तसा पसरून ठेवा. श्वास घ्यायचा तेवढा घ्या.”

त्यांनी तळहात पसरला. घाम आला, दोन शिव्या गेल्या, बायकोने डोळे वटारले. पोटॅशियम ४.४ आलं. सर्जनना मी स्वतः फोन करून आधीचे आकडे कसे आले ते सांगितलं. ते म्हणाले, “उद्या घेतो त्यांना.” ऑपरेशन झालं. देवरावजी आता लूमवर उभे राहतात.

आमची अकराची दोन मिनिटं अजून चालू आहेत. मॅडमनी फक्त एक सवय वाढवली आहे. पेशंटसाठी काहीही नवीन सुरू करायचं असेल तर आधी लॅबमधल्या कोणीतरी पेशंटच्या खुर्चीत बसून ते करून घ्यायचं. शांत वाटलं म्हणजे बरोबर झालं असं नसतं, हे आम्हाला आता माहीत आहे.

बसायला बहुतेक वेळा मलाच पाठवतात. सुईची भीती गेलेली नाही. तळहात मात्र उघडा ठेवतो.